तिसरी तार

मोहन गेल्याचा फोन शाळेत आला. मी स्टाफरूममध्ये आठवीचे पेपर तपासत बसले होते. शिपाई येऊन म्हणाला, "बाई, सांगलीचा फोन हाय, लवकर या." सांगलीहून शाळेत फोन करणारा माणूस एकच, माझा धाकटा भाऊ मोहन, आणि तो बहुतेक वेळा काहीतरी फुशारकी मारायलाच करायचा. म्हणून मी हातातला पेपर पुरा करून सावकाश उठले. पलीकडे मोहनचे घरमालक होते. "मोहनरावांना शॉक लागलाय. तुम्ही निघा," एवढंच म्हणाले. कसा आहे विचारलं, तर पुन्हा तेच, "तुम्ही निघा." साताऱ्याहून सांगलीपर्यंत एसटीत मी मनाशी एकच घोकत होते, की शॉक लागलेली माणसं वाचतात. पोचले तेव्हा दारात चपलांचा ढीग पडला होता.

त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांवर काळपट डाग होता. बाकी माणूस झोपल्यासारखा.

साताऱ्यातलं आमचं लहानपणचं घर पिठाच्या गिरणीला लागून होतं. भिंत सामाईक. सकाळी पट्टा फिरायला लागला की आमच्या मांडणीवरची भांडी थरथरायची. घरात सगळे ओरडूनच बोलायचे. वर्गात शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा माझा आवाज ही त्या गिरणीचीच देणगी. मोहनला मात्र ते कधी सोसलं नाही. तो कानात बोटं घालून पाढे पाठ करायचा. वीज गेली की आई हळहळायची आणि हा खूश. "ताई, आता ऐक," म्हणायचा. "काय ऐकू?" "काहीच नाही. तेच ऐक." मी त्याला वेड्यात काढायचे. त्याच्या डोक्यात मात्र ती गिरणी जन्मभर चालू राहिली असावी...

पुढं त्याला सांगलीला बँकेत नोकरी लागली, शैलाशी लग्न झालं. मूल झालं नाही, आणि त्यावरून दोघांनी एकमेकांना बोल लावलेला मी कधी ऐकला नाही. भांडायचे ते भलत्याच गोष्टींवरून. मोहनला गाण्याचं वेड होतं, पण कॅसेटच्या खरखरीनं तो वैतागायचा. "आलाप ऐकतोय की भजी तळतायत, तेच कळत नाही," म्हणायचा. मग सीडी आल्या. सीडीला खरखर नसते हे कुठंतरी वाचलं आणि हा माणूस झपाटला. बँकेतले सगळे म्हणाले, सरळ तयार डेक घे, लाइटं लागतात, घराला शोभा येते. हा म्हणाला, "लाइटं बघायला मी लग्नाला जाईन." ऐपत कारकुनाची आणि कान राजाचे, मग निवड सोपी कशी असणार? पुण्याला गेला की दुकानातून दुकानात हिंडायचा. बायका मडकं वाजवून घेतात तसा प्रत्येक स्पीकरचं खोकं बोटांनी ठोकून बघायचा. दुकानदार त्याला ओळखायला लागले होते आणि ओळखून चहा द्यायचे बंदही झाले होते. शेवटी त्यानं तुकड्यातुकड्यानं सगळं जमवलं. खोकी गल्लीतल्या सुतारानं केली. अ‍ॅम्प्लिफायर कराडच्या बापूनं बांधून दिला. बापू म्हणजे रेडिओ दुरुस्तीचं दुकान चालवणारा, मोहनचा या वेडातला एकमेव जोडीदार. सीडी प्लेअर शैलाच्या मावसभावानं दुबईहून आणला. त्याला दोनच तारा होत्या, म्हणून बापूनं त्याच्या पत्र्याला अर्थिंगची तिसरी तार जोडून दिली.

आणि सगळं जोडल्यावर स्पीकरमधून हमिंग यायला लागलं. गाणं चालू असताना कळायचं नाही, पण सूर लागायच्या आधी, दोन आलापांच्या मध्ये, जिथं मोहनला काहीच नको होतं नेमकं तिथं, भिंतीपलीकडे भुंगा कोंडल्यासारखा आवाज. त्यानं वायरी बदलल्या, ट्यूबलाइट काढली, फ्रिज बंद ठेवून ऐकलं. दूध नासलं, हमिंग तसंच. मला फोनवर सांगायचा, "ताई, गिरणी इथंपण आली बघ माझ्यामागं." मी हसायचे.

श्रावणातल्या त्या सकाळी तो अंघोळ करून, पंचा नेसून, ओल्या पायांनी बाहेरच्या खोलीत आला. त्याची रोजचीच सवय. सेट तापायला वेळ लागतो म्हणून आधी बटण दाबायचं, मग कपडे करायचे. खालची शहाबादी फरशी पावसाळ्यात कायम दमट. अ‍ॅम्प्लिफायरच्या ट्रान्सफॉर्मरमधून वीज पत्र्यात उतरली होती.

पंचनाम्याला आलेला हवालदार बराच वेळ प्लगपाशी उकिडवा बसला होता. "ताई, हितं बघा," मला म्हणाला, "अर्थिंगची वायर कापल्याली हाय. दोन्ही मशिनींची. वर टेपबी नीट लावलीय. सायबांनीच केलं म्हनायचं का?"  खोलीत माणसं होती, त्यांनी ते ऐकलं. तीन पिनांच्या प्लगमधली ही तार मी वर्षानुवर्षं मुलींना शिकवत आले. एरवी तिचं काही काम नसतं. पत्र्यात वीज उतरलीच, तर ती जमिनीत नेऊन सोडायची, बस. ती शिकलेल्या माणसानं स्वतःच्या हातानं कापली, आणि तीही दोन्हीकडची... कागदावर अपघात लिहिलं गेलं, पण गल्लीत कुजबुज सुरू झाली ती झालीच. मूलबाळ नव्हतं ना, मनाला लावून घेतलं असेल. लोकांच्या तोंडाला कोण हात लावणार?

तेराव्याचं जेवण आटोपल्यावर स्वयंपाकघरात आम्ही दोघीच होतो. शैला एकच पातेलं घासत होती, घासून झालं तरी घासत होती. मग खाली बघूनच म्हणाली, "वन्सं, मीच मारलं त्यांना."

"काहीतरी बोलू नकोस."

"त्या दिवशी सकाळी हाक मारून म्हणाले, ये, ऐक बघ, गेलं का? पोळ्या करत होते मी. म्हटलं, काय गेलं? मला कधी ऐकूच आलं नाही तुमचं ते गुंगुं. नाहीच आहे ते. तुमच्या डोक्यात आहे. बसा, त्या डब्यापुढंच मरा एकदाचे." तिचा हात थांबला. "त्यांनी सेट बंद केला. अंघोळीला गेले... आणि आले ते तिथंच... माझंच ऐकलं हो त्यांनी."

मी तिच्या हातातलं पातेलं काढून घेतलं. नवऱ्याला मर म्हणणाऱ्या बायका घरोघर आहेत. मीही म्हटलेलं आहे. माझं खोटं ठरलं, हिचं खरं झालं, एवढाच फरक. पण हे तिला सांगून काय उपयोग होता? त्या तारा कशासाठी कापल्या हे तिला कळल्याशिवाय ती जगणार नव्हती, नुसती श्वास घेत राहिली असती.

परतताना मी कराडला उतरले. बापू मला बघून उठून उभा राहिला. दोन्ही तारा कापलेल्या होत्या म्हटल्यावर त्यानं चालू असलेला रेडिओ बंद केला. "खोटं न्हाई बोलत, ताई. दोन मशिनींना दोन अर्थिंग झाली की हमिंग येतंय. मीच म्हनलं, सीडीची काढा. आमी समदी तशीच काढतो. एकाचीच काढा म्हनलं हुतं ओ... दोन्हीबी काढतील आसं कुनाला वाटलं?"

"एकाची काढून गेलं का हमिंग?"

"लय कमी झालं. जरा राहिलं हुतं, म्हनले."

जरा राहिलं होतं. म्हणजे दुसरी कापणारच. मोहन निम्म्यावर थांबणाऱ्यातला नव्हता. "मग हे पोलिसांना का नाही सांगितलंस?" मी ओरडले. रस्त्यावरची माणसं थांबली. बापू म्हणाला, "भ्यालो, ताई." त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. पण शैलाला हे सांगू शकणारा तोच एक होता. मी म्हटलं, "रविवारी सांगलीला ये. जे मला सांगितलंस ते तिला सांग. आणि सेट होता तसा करून दे, पहिल्या दिवसासारखा."

तो आला. ट्रान्सफॉर्मर बदलला, टेप सोलून दोन्ही तारा परत जोडल्या, टेस्टर लावून पत्रा दहादा तपासला. त्या सकाळपासून शैलानं त्या खोलीत पाऊल टाकलं नव्हतं. ती उंबऱ्यापाशीच उभी राहिली. बापूनं मान खाली घालून सगळं सांगितलं. तिनं ऐकलं, पण चेहरा हलला नाही. माणसं समजूत घालायला काय वाटेल ते बोलतात, तसंच तिला वाटलं असणार. मग बापूनं सेट चालू केला. सीडी लावली नव्हती. मी पंखा बंद केला, खिडक्या लावल्या, शेजारच्यांना रेडिओ बंद करायला सांगून आले. आवाजाचं बटण पूर्ण फिरवलं.

पहिल्यांदा काहीच नव्हतं. मग मला ऐकू आलं. बारीक, सलग, न थांबणारं... मी शैलाकडे पाहिलं. ती आत आली. स्पीकरपुढं फरशीवर बसली आणि पदर मागं सारून तिनं जाळीच्या कापडाला कान लावला.  बापूनं हळूच विचारलं, "वहिनी, बंद करू?" तिनं हातानंच नको म्हटलं.

मग ती बोलली. माझ्याशी नाही, बापूशीही नाही.

"अहो, येतंय की ऐकू," ती म्हणाली. "येतंय."