धुरळा की धार

दुपारची झोप महानंदाच्या डोळ्यांवर आली आहे, पण ती झोपेला आत घ्यायला तयार नाही. हल्ली ती झोपेवरही संशय घेते. पहाटेपासून लॅबमध्ये लोकांच्या शिरा शोधून रक्त काढायचं आणि दुपारी घरी येऊन चार घास खाऊन आडवं व्हायचं, हा तिचा रोजचा क्रम. आज उशाशी दोन कीचेन पडलेली आहेत. एक गुलाबी, लिपस्टिकसारखं गोजिरवाणं. दाबलं की मिरचीचा धुरळा उडतो. दुसरं काळं, मुठीत मावणारं. त्यातून धार निघते. दोन्ही पेपर स्प्रेच, किल्लीला अडकवून फिरायचे. गडहिंग्लजच्या स्टँडसमोरचा दुकानदार म्हणाला, दोन्ही न्या, हातात धरून बघा, नको असेल ते संध्याकाळी परत आणा. एवढा चांगुलपणा कशासाठी, असं तिला तिथंच वाटलं होतं.

आता भीती कुणाची, तर बसवराजची. रस्त्यावरचा कुणी टपोरी नव्हे, तिच्या काशव्वा आत्याचा सख्खा मुलगा. खाली आत्याचं मिरचीचं कांडप, वर ही एक खोली. खोली आत्यानंच भाचीला राहायला दिली होती. माघात आत्या गेली, आणि तेव्हापासून हा बाबा भर दुपारी जिना चढायला लागला. कधी म्हणे टाकी बघायची आहे, कधी वायर. एकदा कडी लावायची राहून गेली आणि महानंदाला जाग आली, तर तो पलंगाच्या पायथ्याशी उभा होता. वर हसला. भावाला सांगितलं तर तो म्हणाला, आपलेच दात आपलेच ओठ, कुठं बोलू नकोस. त्या दिवसापासून तिचा भावावरचाही विश्वास उडाला.

पापण्या जड होतात. पंखा घरघरतो, मग धबधबतो, मग ते मिरची कुटणाऱ्या डंकांचेच आवाज असतात आणि ती खाली कांडपात उभी आहे. हवेत लाल धूळ तरंगते आहे. पोत्यावर आत्या बसली आहे, मांडीत सूप, मिरचीची देठं खुडत.

महानंदाला भरून येतं. जाऊन गळ्यात पडावं असं वाटतं, आणि लगेच वाटतं, ही आली कशाला? मेलेलं माणूस कामाशिवाय येत नाही म्हणतात.

"जेवलीस न्हवं?" आत्या विचारते.

"जेवले. तू इथं कशी?"

"माझंच कांडाप. मी नको यायला?"

उत्तर बरोबर आहे, तरी महानंदा दोन हात लांबच थांबते. आत्या सूप बाजूला ठेवते. सूप ठेवते ते काचेच्या काउंटरवर, आणि हे स्टँडसमोरचं दुकान आहे. आत्या दुकानदाराच्या जागी उभी, पदर नाकाला बांधलेला, पुढ्यात तीच दोन कीचेन. ती गुलाबी उचलते आणि तिचं कौतुक सुरू करते. किती नाजूक आहे, पर्समध्ये शोभेल, कुणाला कळणारसुद्धा नाही. महानंदा ऐकत राहते. मिरची खरेदी करताना जी बाई पोत्यात कोपरापर्यंत हात घालून तळाची मिरची वर काढायची, ती आज रंगावर भाळली आहे, हे तिला पटत नाही.

आत्या गुलाबीचा खटका दाबते. दुकानातली माणसं खोकायला लागतात, बाहेर बसची वाट बघणारी खोकतात, कंडक्टर वाकून वाकून खोकतो. महानंदाच्या नाकातोंडातून पाणी येतं. आत्याला मात्र साधा ठसकाही लागत नाही.

"बघ, सगळी गार," आत्या म्हणते. "हेच घे."

महानंदा डोळे पुसते, आणि हातात सुई आहे. ही लॅब आहे. आत्या खुर्चीत बाही वर करून बसली आहे. महानंदा तिच्या दंडाला पट्टा बांधते, कोपराच्या खळगीत बोटानं चाचपते. शीर सापडत नाही. सापडणार कुठून? आत्याचा हात गार आहे, आणि त्या गार हाताच्या मुठीत गुलाबी कीचेन आहे. तिसऱ्यांदा ती तेच सांगते, हे घे म्हणून. आता महानंदाला राग येतो.

"आत्या, ताकाला जाऊन भांडं का लपवतेस? खरं सांग. तू माझ्यासाठी आलीस, का तुझ्या पोरासाठी?"

आत्या मान खाली घालते. खुर्ची आता पुन्हा मिरचीचं पोतं झालेली आहे, डंक बंद आहेत. मग ती सांगायला लागते, अगदी हळू. बसवराज रांगता होता तेव्हा त्याला ठेवायला दुसरी जागा नव्हती, म्हणून ती त्याला इथंच पोत्यांवर निजवायची. आधी आधी पोर रडून रडून काळंनिळं व्हायचं. मग खोकणं थांबलं, रडणंही थांबलं. बायका कौतुक करायच्या, काशव्वाचं पोर मिरचीला भीत नाही. असला धुरळा त्याच्या नाकावर मारला, तर तो नुसता हसेल.

महानंदाला ते पलंगाच्या पायथ्याचं हसू आठवतं.

"म्हणजे ठाऊक असून तू मला हेच घे म्हणत होतीस."

"आई हाय मी त्याची."

महानंदाला आत्याची चीड येते आणि कीवही येते, आणि दोन्ही एकदम येतात म्हणून रडू येतं. आत्या रडत नाही. ती गुलाबी कीचेन मिरच्यांच्या ढिगात खोचते, खोल, दिसेनाशी होईपर्यंत. मग भिंतीकडं बघत बोलते.

"काळं घे. नाकाकडं मारू नको. डोळ्यांत मार."

ती महानंदाचे दोन्ही हात ओढून घेते, तळव्यांवर शेंगतेल ओतते आणि चोळू लागते, बोटांच्या बेचक्यांतून, मनगटापर्यंत. कांडपातली प्रत्येक बाई मिरचीला हात लावायच्या आधी असंच तेल चोळते, आपला हात भाजू नये म्हणून. आत्याचे गार हात चोळून चोळून ऊन व्हायला लागतात.

महानंदा डोळे उघडते. पंखा, छत, खिडकीतलं ऊन. उशाशी दोन्ही कीचेन जागच्या जागी. ती उठून बसायला हात टेकते, तर हात चादरीवरून घसरतो.

दोन्ही तळवे तेलकट आहेत, मनगटापर्यंत. ती आधी स्वतःवरच संशय घेते. झोपेत उठले असेन, डबा सांडला असेल. पण स्वयंपाकाचा डबा ओट्यावर तसाच बंद आहे, आणि त्यात सूर्यफुलाचं तेल आहे. हाताला वास येतो तो शेंगतेलाचा.

जिन्यावर पावलं वाजतात. ती ओळखते, कुणाची ते.

ती काळं कीचेन उचलते आणि अंगठा खटक्यावर ठेवते. अंगठा घसरतो. पुन्हा ठेवते, पुन्हा घसरतो. मग ती तळव्याकडं बघते. हे तेल भाचीचा हात भाजू नये म्हणून चोळलं, का ऐन वेळी पोराचे डोळे वाचावेत म्हणून? आत्याला विचारायला आता वेळ नाही, आणि विचारलं असतं तरी आत्यानं कदाचित दोन्ही खरं आहे असंच सांगितलं असतं.

बाहेरून दार वाजतं. टाकी बघायची आहे, असं तो म्हणतो.

महानंदा उजवा हात चादरीला घासून पुसते, एकेक बोट, अंगठा तर कोरडाठाक होईपर्यंत. काळं कीचेन त्या हातात धरते. डाव्या हाताचं तेल ती पुसत नाही, तेवढं आत्याचं राहू देते. एकदाचा सोक्षमोक्ष लावायला त्याच हातानं ती आतली कडी काढते.