रजाईच्या उंटातले दोघे

आमचे पास्टरभाऊ एक डोळा उघडा ठेवून प्रार्थना करायचे. पोंभुर्ण्याच्या आमच्या लहानशा चर्चमध्ये नवीन आलेला माणूस ते बघून दचकायचा. मी एकदा विचारलंच, तर म्हणाले, "प्रभूसाठी एक डोया पुरते बाई. दुसरा मंडळीवर ठेवा लागते."

ठेवावाच लागे. निवडणूक आली की मंडळी दोन भागांत बसायची. खिडकीकडच्या बाकांचे पुढारी आरागिरणीवाले दानियलभाऊ, दाराकडच्यांचे शमुवेल गुरुजी. चर्चच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर वचनं कमी, भाषणंच जास्त. असं भाषण कुणी टाकलं की पास्टरभाऊ त्याच्या घरी चहाला जात आणि समोरच्या पक्षाबद्दल एक चांगली गोष्ट ऐकल्याशिवाय उठत नसत. गुरुजींकडे तर चहाची भुकटी संपली. शेवटी गुरुजी म्हणाले, "त्यायच्या सभेचा मंडप चांगला असते." तेवढ्यावर भाऊ समाधानानं उठले.

त्या वर्षी मात्र दानियलभाऊंनी जाहीर केलं, नाताळ झाला की आमची उपासना वेगळी. मंडळी फुटणार म्हणून आम्ही घाबरलो. पास्टरभाऊंनी शांतपणे नाताळच्या नाटकातली कामं वाटली. बाळ येशूला भेटायला पूर्वेकडून आलेल्या मागी लोकांचा, म्हणजे ज्ञानी पुरुषांचा उंट : पुढचे पाय दानियल, मागचे पाय गुरुजी.

"मी मागं काऊन?" गुरुजींनी विचारलं.

"पुढच्याच्या चुका तुमाले बरोबर दिसतात म्हणून."

नाही म्हणावं तर दुसरा म्हणेल, घाबरला. दोघंही तयार झाले.

चर्चशेजारच्या टेलरचाचांनी जुन्या रजाईचा उंट शिवून दिला आणि दोघांना आत घालून नाड्या बांधल्या. नाटकाला बौद्ध वस्तीतले शेजारी आले, चाचा तर पहिल्या रांगेत बसले. मी पडद्याआड संवाद सांगायला उभी. उंट गव्हाणीपाशी आला आणि थांबला.

"चाला न पुढं," मागचे पाय म्हणाले.

"तुमच्या सांगण्यावरून नाई चालत."

"मंग मी चालतो."

मागचे पाय निघाले. उंट मधोमध दुमडला, आखूड झाला आणि बाळ येशूसमोर आडवा पडला. मरियेला हसू आवरेना. थोड्या वेळानं उंटाचं कुबड हलायला लागलं. आत दोघंही हसत होते. नाड्यांच्या गाठी सुटेनात, म्हणून चाचा दुकानातून कात्री घेऊन येईपर्यंत त्यांनी चहासुद्धा उंटातच घेतला.

वेगळ्या उपासनेचा विषय पुन्हा कुणी काढला नाही. भांडणं चालू राहिली, पण एका बाकावर बसून.

पुढं पास्टरभाऊंची बदली सिरोंच्याला झाली. बस स्टँडवर त्यांनी त्या दोघांनाच प्रार्थना करायला सांगितलं. दानियलभाऊंनी गुरुजींसाठी सुबुद्धी मागितली, गुरुजींनी दानियलभाऊंसाठी. पास्टरभाऊंनी दोन्हींना मोठ्यानं आमेन म्हटलं आणि ते बसमध्ये चढले.