अकरा ते सहाचे चाहते

मुझफ्फर शेखांचा भद्रकालीतला फोटो स्टुडिओ बंद पडला, तेव्हा मोबाइलने धंदा खाल्ला असं सगळे म्हणाले. चाचांचं म्हणणं वेगळं होतं. "आता लोकांना आपला चेहरा आपणच बिघडवता येतो." मागे उरली निगेटिव्हची खोकी. त्यांच्या लेकीने, आयशाने, त्यासाठी एक वेबसाइट काढून दिली. नाव 'हे कुठलं?' रोज सकाळी चाचांनी जुन्या नाशकातला एक फोटो टाकायचा, लोकांनी जागा ओळखायची, खरं उत्तर संध्याकाळी सहाला.

लोक तुटून पडले. एकेका ओट्यावरून, जिन्यावरून दिवसभर वाद रंगायचे आणि चाचा चहा गार करत ते वाचायचे. गावाला आपण अजून हवे आहोत, या एका समजुतीवर त्यांची तब्येत सुधारली होती.

मग एका दुपारी आयशाने त्यांना वेबसाइटवर कधी किती लोक येतात याचा आलेख दाखवला. सकाळभर झोपलेली रेघ अकराच्या सुमारास उठायची, दीडला बसायची, तीनला ताठ उभी राहायची आणि सहाला आडवी व्हायची. रविवारी तर गावात माणूसच नसे.

"दीडला काय होतं?"

"जेवणाची सुट्टी, अब्बा."

"मग सुट्टीतच बघावं ना."

"सुट्टी त्यांची स्वतःची असते. ती कोण वाया घालवेल?"

चाचा चपापले. "म्हणजे माझ्यापायी एवढ्या लोकांचा पगार हरामाचा होतोय."

दुसऱ्या दिवसापासून फोटो मगरिबच्या नमाजनंतर टाकायचा, असं त्यांनी ठरवलं. त्या संध्याकाळी कोणी आलं नाही. पुढच्या संध्याकाळी एकजण आला, तोही सातपूरला प्लंबर शोधत. चाचांनी त्याची आस्थेने चौकशी केली. आठवडा सरेपर्यंत त्यांचं जेवण निम्म्यावर आलं. कारण उघड होतं. लोकांना त्यांचा फोटो कधी हवाच नव्हता, फक्त समोरची फाइल नको होती.

अशात इगतपुरीहून मालनबाईंचा फोन आला. या तिथल्या एका कचेरीत कारकून. रोज पहिलं उत्तर यांचं, आणि हमखास चुकीचं.

"चाचा, संध्याकाळी फोटो बघायला मी काय रिकामी आहे? घरी कुकर, पोरांचा अभ्यास, सासूबाईंच्या गोळ्या. निवांतपणा काय तो ऑफिसात."

"पण बाई, ती कामाची वेळ."

"कामं होतातच हो. तुमचा फोटो आला की आम्ही चौघं एका टेबलाशी जमतो. एरवी बदल्यांवरून आमच्यात बोलणं नाही."

चाचांनी फोन ठेवला. त्यांच्या बेगम हुस्नबानो मेथी निवडत सगळं ऐकत होत्या.

"आयशाचे अब्बा, पासपोर्ट फोटोला गिऱ्हाईक कधी यायचं?"

"दुपारी."

"नोकरदार?"

"बहुतेक."

"रजा टाकून यायचे?"

आयुष्यभर ज्यांना 'हनुवटी जरा वर' म्हणत चाचांनी स्टुलावर बसवलं, ती सगळी मंडळी कुठल्या ना कुठल्या खुर्चीवरून 'आलोच' म्हणून उठून आलेली होती. त्या कमाईवर आयशा शिकली होती.

सोमवारी फोटो पुन्हा सकाळी लागला. तरीही मनाला बरं वाटावं म्हणून चाचांनी एक सुधारणा केली. उत्तर सहाऐवजी बाराला जाहीर करायचं, म्हणजे मंडळी वेळेत कामाला लागतील. बाराला त्यांनी लिहिलं, 'तिवंधा चौक.'

लगेच मालनबाईंनी कळवलं की चाचांचं आता वय झालंय, ही जागा दहीपुलाची आहे. त्यांच्या टेबलावरच्या तिघांनी दुजोरा दिला. मग अंबडचे उतरले, नाशिकरोडचे उतरले, आणि घोटीच्या कुणा सोमनाथने तर हे नाशिकच नाही असं कळवून टाकलं. रेघ इतकी वर गेलेली आयशाने आजवर पाहिली नव्हती.

'फोटो मी काढलाय हो,' असं चाचा सहापर्यंत एकेकाला लिहीत राहिले. हुस्नबानोंना त्यांचं ताट दोनदा गरम करावं लागलं.