जगदेवभाऊंची उसनी दुखणी

रिठदच्या जगदेवभाऊंना स्वतःचं म्हणावं असं एकच दुखणं होतं, उजवा गुडघा. बाकी गडी ठणठणीत. साठी उलटली तरी सोयाबीनचा कट्टा एका हिसक्यात पाठीवर घेणारा. पण हल्ली बसल्या जागेवरून उठताना गुडघा असा वाजायचा की शेजारच्या गोमतीबाईंना भिंतीपलीकडून कळायचं, भाऊ उठले. शेलूबाजारात दुकानावर कामाला असलेल्या आणि आठवड्याला घरी येणाऱ्या पोरानं, हरीओमनं, शेवटी फोनवरूनच वाशीमच्या डॉक्टरकडे नंबर लावून टाकला. मंगळवार, सकाळी अकरा.

नंबर लागला ही बातमी स्वयंपाकघरात गेली, तिथेच सगळी गडबड झाली. कोणी बाजाराला निघालं की घरोघरून पिशव्या येतात, तशी भाऊंकडे दुखणी यायला लागली.

पहिली तुळसाबाई. भाऊ पांढरा सदरा घालून खाटेवर बसले होते, तर ही बायको चहा घेऊन समोर.

"तुमी जाऊनच राह्यले तं माझंही सांगजा."

"मंग तूच चाल ना."

"मी नाई येत बाप्पा. माही बहीण नुसती दाखवाले गेली अन् तवापासून पथ्यावर बसली. गेलं की काढतेतच काही ना काही."

"मंग तिथी जाऊन काय सांगू? माह्या बायकोचं दुखते?"

"असं सांगसान तं तिले घेऊन या म्हणतीन. तुमचंच म्हून सांगा अन् गोळ्या आणा. गोळ्याले काय समजते, कोण खाऊन राह्यलं ते."

भाऊंना हे चूक आहे असं वाटलं, पण नेमकं कुठे चूक आहे ते सापडेना. आणि सापडेपर्यंत तुळसाबाईंनी त्यांना शिकवायला सुरुवातही केली होती. छातीत मधोमध दाबल्यासारखं होते. तिथून डाव्या खांद्यात जाते. मग दातापर्यंत, असं भाऊंनी मागोमाग म्हटलं.

"दात नाई, जबडा. नाईतर दातवाल्याकडं धाडतीन तुमाले. पुन्हा म्हना."

भाऊंनी पुन्हा म्हटलं. शाळेत पाढे म्हणतानासुद्धा एवढा दम कुणी दिला नव्हता.

तेवढ्यात सून योगिनी दाराआड येऊन सासूच्या कानाशी काही बोलली. सासूनं ते मोठ्यानं जाहीर केलं, "अन् हिचे केस गळून राह्यले, तेही सांगजा." योगिनी लाजून आत पळाली. भिंतीपलीकडच्या गोमतीबाईंना तर बोलावायचीही गरज नव्हती, त्यांचं डोकं आधीच भिंतीवर आलेलं.

"भाऊ, मले रातच्यानं पायाले मुंग्या येतेत. विचारून पाह्यजा एक डाव."

"तुमचं म्हून विचारू का माझं म्हून?"

"आता सगळेच तुमचं म्हून विचारून राह्यले तं माझं काय जड झालं तुमाले?"

अशी चार जणांची दुखणी एका सदऱ्याखाली घेऊन भाऊ ऑटोत बसले. विसरू नये म्हणून वाशीम येईपर्यंत ओठांतल्या ओठांत घोकत राहिले. छाती, खांदा, जबडा. केस. मुंग्या. बाजूला बसलेल्या म्हाताऱ्यानं थोडं ऐकलं आणि सरकून त्यांना जास्तीची जागा दिली. आजारी माणसाला आराम हवा, असं त्याचं मत पडलं असावं.

डॉक्टर बाई निघाल्या, आणि वयानं योगिनीएवढ्या. भाऊंनी जाताना मनात पुरुष डॉक्टर धरला होता, त्यामुळे पाठ केलेलं अर्धं तिथेच सांडलं. तरी त्यांनी सुरुवात केली. मुंग्या आधी सांगितल्या, त्या सोप्या होत्या. मग केस.

"केस गळतात?" मॅडमनं त्यांच्या टोपीकडे पाहिलं.

भाऊंनी टोपी काढून दाखवली. आत गळायला काही उरलंच नव्हतं. "गळून झाले," ते म्हणाले.

मॅडमनं हसू दाबलं आणि पुढे लिहायला घेतलं. पण भाऊंनी छातीचं सांगितलं तसा त्यांचा पेन थांबला. डावा खांदा, जबडा, घाम, थांबलं की कमी होतं. मॅडमनं एकेक गोष्ट दोनदा विचारली. भाऊंनी दोन्ही वेळा अक्षरही न बदलता सांगितली. शिकवणी पक्की होती.

मग भाऊंना आडवं करून छातीला वायरी लावल्या आणि मशीनमधून कागदाची लांब पट्टी काढली. मॅडमनं पट्टी इकडून पाहिली, तिकडून पाहिली. "अगदी चांगली आहे. नाडीही तरण्या पोरासारखी. जरा हा जिना चढून उतरून दाखवा बरं."

भाऊ चढले, उतरले, पुन्हा चढले.

"दुखलं?"

"लय दुखलं."

"छातीत?"

"नाई, गुडघ्यात."

"गुडघ्याचं तर तुम्ही बोललाच नाहीत."

ज्यासाठी आलो तेच राहून गेलं, हे भाऊंच्या आत्ता ध्यानात आलं. मॅडमही गोंधळल्या. कागदावर लिहिलेला माणूस आणि समोर उभा असलेला माणूस यांचा काही केल्या मेळ बसेना.

"आजोबा, नीट आठवून सांगा. छातीत कधी दुखतं? काय करताना?"

हा प्रश्न शिकवणीत होता. भाऊंना हायसं वाटलं आणि त्यांनी घडाघडा म्हटलं, "पाण्याचा गुंड घेऊन पायरी चढताना. अन् भाकरी थापताना. थापता थापता हात थांबते, थोडं टेकून बसा लागते, तवरोक तव्यावरची करपून जाते."

मॅडमनं पेन खाली ठेवला.

"घरी भाकरी तुम्ही करता?"

ते वाक्य भाऊंनी सकाळपासून वीस वेळा म्हटलं असेल, पण आत्ता पहिल्यांदा ऐकलं. दिवाळीपासून त्यांच्या ताटात काळी भाकर पडत होती. रोज जेवताना ते योगिनीला ऐकू जाईल अशा आवाजात विचारायचे, "तुह्या सासूनं आज कोळसा वाढला का वं?" आणि चुलीशी बसलेली तुळसाबाई एक अक्षर उलट बोलत नव्हती. ही बाई उलट बोलत नाही याचंच खरं तर त्यांना नवल वाटायला पाहिजे होतं.

"माही बायको," ते म्हणाले. "तिचं आहे ते. केस सुनेचे. मुंग्या शेजारणीच्या."

मॅडम हसल्या नाहीत. "त्यांना आजच घेऊन या. संध्याकाळी मी इथेच आहे. पण घाबरवू नका, धावपळ करू देऊ नका. सावकाश आणा."

आता आली पंचाईत. परतीच्या ऑटोत भाऊ घोकायचं सोडून विचार करत होते, आणि विचार करायची सवय नसल्यानं घामाघूम झाले. खरं सांगावं, तर ती येणार नाही. कायमचं पथ्य लावतील म्हणून दारच लावून घेईल. मलाच भरती करून राह्यले असं सांगावं, तर ती चपला न घालता फाट्यापर्यंत पळत येईल, आणि पळायला तर मॅडमनं नाही म्हटलेलं. घरी पोचले तेव्हा डोक्यात काहीच ठरलेलं नव्हतं.

तुळसाबाई ओसरीत तूर निवडत होत्या. "आणल्या गोळ्या?"

"नाई देल्या."

"काहून?"

"मी सांगतलं ना सगळं. छाती, मंग तिथून उजवा खांदा..."

हे मात्र खोटं नव्हतं हं, निव्वळ गोंधळ होता. घाबरलेल्या माणसाला आपलाच हात कोणता ते सुचत नाही. पण तुळसाबाईंचं सूप जमिनीवर आदळलं.

"उजवा? डावा सांगतला होता मी तुमाले. सकाळपासून घोकून घेतलं, डावा डावा. एक काम तं धड करत जा."

भाऊंना त्या क्षणी वाट दिसली आणि ते बेधडक तिच्यात घुसले. "बरं, मंग पोटात उतरते असंही सांगतलं म्या."

"पोटात? देवा रे. अन् जबडा?"

"जबडा राहूनच गेला."

"मंग तो डॉक्टर काय गोळ्या देईन तुमाले? जुलाबाच्या?" तुळसाबाई उठल्या. "योगिनी, माहं लुगडं काढ वं. ह्या माणसाच्या भरवशावर राह्यली तं दुसऱ्याच बिमारीचं औषध खाऊन मरीन मी."

"सावकाश," भाऊ म्हणाले. "सावकाश चाल. ते मॅडम संध्याकाळपावतर आहे."

"तुमी आता बोलू नका."

भाऊ फाट्यापर्यंत तिची पिशवी धरून मागून चालले. वाटेत ती एकदा थांबली, बाभळीला हात लावून उभी राहिली आणि दूर वावराकडे पाहत असल्यासारखं केलं. एरवी भाऊ म्हणाले असते, काय पाहून राह्यली. आज ते गुडघा धरून तिच्यासोबत थांबले आणि गुडघ्याच्या नावानं कण्हले, म्हणजे तिला हवं तेवढं उभं राहता यावं.

दवाखान्यात मॅडमनं विचारलं, "आजी, काय होतंय?" सवयीनं भाऊंनीच तोंड उघडलं. तुळसाबाईंनी नुसतं पाहिलं, तशी त्यांनी ते मिटलं.

मग तिनं सांगितलं. डावा खांदा, जबडा, घाम, सगळं जागच्या जागी. आणि जे भाऊंना शिकवलं नव्हतं तेही. की आता नुसतं बसल्याजागीही होतं. की दोन रात्री ती भिंतीला टेकून बसून होती. बोलता बोलता तिला सांगायला बरं वाटू लागलं असावं, कारण मॅडमनं वायरी लावल्या तेव्हा तिनं एकदाही बहिणीचं नाव काढलं नाही.

या वेळी मॅडमनं पट्टी एकदाच पाहिली. "आज रात्री इथेच राहायचं. औषध सुरू करते. सकाळी गाडी करून अकोल्याला पाठवते, पुढची तपासणी तिथे. वेळेवर आलात."

तुळसाबाईंनी जरा विचार केला. "याईचीही पट्टी काढली होती ना सकाळी? कशी निघाली?"

"चांगली निघाली."

"मंग तेच लावा ना माह्या कागदाले. घरात एकाची चांगली निघाली, भागते."

मॅडम आता मात्र हसल्या, पण त्यांनी तिच्या मनगटावरचा हात काढला नाही.

सलाईन लागलं. सकाळी लागतील म्हणून नर्सनं दोघांचे कागद भाऊंच्या हातात दिले. खाटेशेजारच्या स्टुलावर बसून भाऊंनी दोन्ही पट्ट्या उलगडून मांडीवर ठेवल्या. हिच्यातही रेघा वर जाऊन खाली येत होत्या, तिच्यातही. त्यांनी बोट लावून शेवटपर्यंत पाहिलं. दुखणं नेमकं कोणत्या रेघेत बसलं आहे, ते काही दिसेना. उलट्या धरून पाहिल्या, तरी दिसेना. शेवटी दोन्हींची एक घडी केली आणि सदऱ्याच्या खिशात घातली.

तुळसाबाई डोळे मिटून पडल्या होत्या, असं त्यांना वाटलं होतं.

"येगयेगळ्या ठेवा," ती म्हणाली. "नाईतर उद्या अकोल्यात तुमालेच टेबलावर घेतीन."