काकांचं निघणं

चँडलरमध्ये आमच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या काकांइतका निघायला वेळ लावणारा माणूस साऱ्या अमेरिकेत नसेल, असं मला अगदी मनापासून वाटतं. "चला, निघतो," म्हणून ते उठत, एक बूट पायात चढवत आणि दुसरा हातात धरून कारखान्यातला साहेब, भरली वांगी, माझा थिसिस असं बोलत राहत. वरून काकूंचा फोन येई. मग दुसराही बूट घालून ते आणखी अर्धा तास दारातच उभे. एकदा आमचं पातेलं परत करायला आले, आमच्यातच जेवले आणि उरलेली खिचडी त्याच पातेल्यातून वर घेऊन गेले.

पुढे काकांची नोकरी गेली, व्हिसाची मुदत संपली आणि नव्या अर्जाचं उत्तर येण्याआधीच इमिग्रेशनवाल्यांनी त्यांना पकडून डिटेन्शन सेंटरमध्ये ठेवलं. जामीन मिळाला तर घरी राहून केस लढता येणार होती. नाहीतर निकाल लागेपर्यंत तिथेच. काकांच्या वकीलबाईंनी मला साक्षीला बोलावलं. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच, कोर्टात तर कुणीच गेलेलं नाही. त्यात मीही व्हिसावरच. तरी हो म्हणालो आणि काय बोलायचं ते पाठ करत बसलो.

सुनावणीला काका सेंटरमधूनच पडद्यावर दिसत होते, दाढी वाढलेले. सोडलं तर हा माणूस पळून जाईल, असं सरकारी वकिलांचं म्हणणं. मी पाठ केलेलं सगळं विसरलो आणि चाचरत म्हणालो, "सर, हे पळून जाणं शक्य नाही. यांना आमच्या दारातून निघायलाच तास लागतो. भारतात जाताना सगळ्यांचा निरोप घेता घेता यांचं विमान चुकलं होतं."

"दोनदा," पडद्यावरून काका म्हणाले.

न्यायाधीशांनी त्यांना गप्प केलं, पण हसू दाबतच. जामीन मंजूर झाला.

आणायला काकू आणि मी गेलो. काकूंनी त्यांची बाही धरली ती गाडीत बसेपर्यंत सोडली नाही. आता हे चँडलरपर्यंत बोलत राहणार, असं मला वाटलं होतं. पण कापसाची शेतं मागे पडत गेली तरी काका वळून त्या सेंटरच्या दिशेनेच बघत होते. मग म्हणाले, "तिथे माझ्या शेजारच्या कॉटवर एक गृहस्थ आहेत. सोमवारी त्यांची सुनावणी. त्यांच्यासाठी येऊन बसणारं इथे कुणीच नाही रे. तुला लेक्चर आहे का सोमवारी?"

लेक्चर होतं. "नाहीये," मी म्हणालो.