पुष्पाबाईच्या घरातला गॅस

चंचलची नोकरी काय, हे लिंबायतमध्ये कुणालाच नीट कळत नव्हतं. रिंगरोडवरच्या एका लहानशा कंपनीने गल्लीच्या टोकाला सार्वजनिक संडास बांधले होते आणि त्यांच्या मैल्यापासून गॅस तयार करून तो घराघरांत नळीने पोचवायचा घाट घातला होता. पाइप टाकायला, टाकी बांधायला कंपनीकडे माणसं होती. लोकांच्या गळी ही गोष्ट उतरवायला मात्र कुणी नव्हतं. म्हणून बारावी शिकलेली, त्याच गल्लीत सून म्हणून आलेली चंचल त्यांनी घेतली. शहाण्णव साल होतं ते. दोन वर्षांपूर्वीच्या प्लेगच्या धास्तीने लोक अजून संडासात बाटल्याच्या बाटल्या फिनेल ओतत, आणि फिनेलने गॅस तयार करणारे जंतूच मरतात हे सांगत चंचलला दारोदार फिरावं लागे.

घरातूनच विरोध होता. सासू धुरपदाबाई पहिल्याच दिवशी म्हणाली, "माले नको तो गॅस. संडासना गॅसवर करेल निवद देवले कसा दाखवू?"

चंचल तिच्याशी वाद घालायची नाही. चंचलची स्वतःची भीती वेगळीच होती. ज्या घरांनी शेगडी घेतली, ती कंपनीकडे बघून नाही, तिच्याकडे बघून घेतली होती. पहिली होकार देणारी पुष्पाबाई. समोरच राहायची, कापड मार्केटात साड्यांच्या घड्या घालायला जायची. "तू सांगतेस म्हणून घेते हो," असं ती म्हणाली, आणि त्या दिवसापासून चंचलला धड झोप लागेना. कुठे कसला वास आला की ती उठून बाहेर बघून यायची. जेवताना घास हातात धरून ती नाकाने हवा ओढत बसायची.

त्या दिवशी सकाळी कंपनीचे इंजिनिअर जयंत देवधर पाइपातलं साचलेलं पाणी काढायला आले. त्यांनी टाकीजवळचा गॅसचा मोठा कॉक बंद केला. थोड्याच वेळात कामावर निघालेली पुष्पाबाई वाटेतच चंचलवर खेकसली, "गेला ना तुझा गॅस! चहा अर्ध्यावर राहिला, तसाच टाकून निघाले मी."

"दुपारी येईल, पुष्पाबाई," चंचल ओशाळून म्हणाली.

दुपारी देवधर आपली मोटरसायकल काढत होते. "चंचलबेन, काम झालं. कॉक उघडलाय. मी बारडोलीला निघतो," म्हणाले आणि गेलेसुद्धा. कॉकच्या पेटीला कुलूप, किल्ली त्यांच्या खिशात.

चंचल घराकडे वळली आणि मध्येच थबकली. चहा अर्ध्यावर राहिला. तसाच टाकून निघाले. म्हणजे शेगडी आपोआप विझली होती. मग पुष्पाबाईने शेगडीचा कान पिरगाळून बंद केला होता का? की गॅसच नाही म्हणून तसाच ठेवला?

ती धावत सुटली. पुष्पाबाईचं दार आतून लावलेलं. आत उखाआबा, पुष्पाबाईचे सासरे, दुपारचे झोपलेले. फटीला नाक लावलं तर सडक्या अंड्यासारखा वास. दार ठोठावायला तिने हात उचलला आणि तसाच मागे घेतला. डोळे उघडले की आबा आधी बिडी शिलगावतात, हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. कानांनी तर ते जवळजवळ बहिरेच. ओरडून काय कळणार त्यांना?

ती मागच्या बोळात धावली. भिंतीतून आत जाणारी रबरी नळी तिने दोन्ही हातांनी मुडपली आणि कपडे वाळत घालायच्या दोरीने करकचून बांधली. आता नवा गॅस तरी जाणार नव्हता. साचलेल्याचं काय? तिने खिडकीचं अर्धवट लोटलेलं दार उघडलं. खिडकीखालीच आबांची खाट. आबा जागे झाले होते. उठून बसले होते, आणि त्यांचा हात उशाखाली काडेपेटी चाचपत होता.

"आबा! काडी ओढू नका!"

आबांनी मान वळवली नाही. काडेपेटी बाहेर आली.

खिडकीशेजारी धुण्याची बादली होती. चंचलने ती उचलली आणि खिडकीतून सगळं साबणाचं पाणी आबांच्या अंगावर ओतलं. आबा, बिडी, काडेपेटी, गोधडी, सगळंच भिजून चिंब झालं. आबांनी तिच्या माहेरापासून सासरपर्यंत सगळ्यांचा उद्धार केला आणि तिला बदडायला म्हणून तणतणत पुढचं दार उघडलं. चंचल तोवर वळसा घालून दारात पोचली होती. तिने त्यांना हाताला धरून बाहेर ओढलं आणि मटकन ओट्यावर बसली. वास विरल्यावर तिने आत जाऊन बघितलं, तर शेगडीचा कान खरंच उघडा होता; तो तिने पिरगाळून बंद केला.

संध्याकाळी देवधर परतले तेव्हा गल्ली जमली होती. त्यांनी तिला बाजूला नेलं. "चंचलबेन, योजनेचं उद्घाटन तोंडावर आलंय. नळी सैल होती, एवढंच सांगा लोकांना."

"मी खरं काय ते सांगून बसलेय, साहेब."

"तुमची नोकरी जाईल अशाने. माझीही."

"गॅस बंद करून परत सोडताना कुणी घरात डोकावलं नाही, साहेब. तुम्ही नाही, मीही नाही." तिने हात पुढे केला. "यापुढे पेटीची किल्ली माझ्याकडे द्या. सकाळ-संध्याकाळ ठरलेल्या वेळीच गॅस. आणि मी घरोघरी शेगडी बघितल्याशिवाय कॉक उघडायचा नाही."

देवधरांनी खिशातून किल्ली काढून तिच्या हातावर ठेवली. उद्घाटन पुढे ढकललं गेलं, कंपनीत त्यांनी काय काय ऐकून घेतलं ते तिला कधी कळलं नाही.

पुष्पाबाईने शेगडी परत केली आणि पुन्हा रॉकेलचा स्टोव्ह काढला. चंचलशी बोलणं तिने तोडलं नाही, पण शेगडीचं नाव काढलं नाही. चंचलनेही आग्रह धरला नाही. आणखी काही घरं गळाली, बाकीची राहिली. रोज कॉक उघडण्याआधी ती गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरायची, प्रत्येक घरात वाकून शेगडीचा कान स्वतःच्या बोटांनी बघायची. बायका वैतागायच्या. "आम्हाला काय कळत नाही का गं?" म्हणायच्या. ती नुसती मान हलवायची आणि पुढच्या दारात शिरायची.

वर्षभराने कंपनीने शेजारची गल्ली धरली. पहिल्या बैठकीत बायका जमल्यावर चंचल उभी राहिली आणि गॅसचे फायदे सांगण्याआधी तिने ती दुपार सांगितली, उखाआबांच्या काडेपेटीसकट. ऐकून निम्म्या बायका उठून गेल्या. ज्या राहिल्या, त्यांच्यात जाऊन ती बसली.