दापोडीपर्यंतचं कुंकू

लोक मला टीव्हीवरची खाष्ट सासू म्हणून ओळखतात. मंडईत बायका तोंडावर म्हणतात, "काय छळता हो त्या बिचारीला!" मला हसू येतं, आणि मग माझी खरी सासू आठवते. मी त्यांना आत्याबाई म्हणायची.

सन पन्नास-पंचावन्नच्या सुमाराची गोष्ट. आमचे हे दापोडीला वर्कशॉपात होते. विषमज्वरानं गेले. घरात आम्ही दोघी विधवा उरलो. मला शाळेपासून नाटकाचा नाद, आणि चाकणकडची गावं जत्रेतल्या नाटकाला बाहेरून नटी बोलवायची. तालमीत माझी वाक्यं गावातलाच कुणी मिशाळ बाप्या म्हणायचा. मी पाठांतर करून थेट नाटकाच्या दिवशी हजर व्हायची. लोक वाट्टेल ते बोलले. आत्याबाईंनी कुणाला भीक घातली नाही. "माझी सून हाय, म्या जाते तिच्यासंगं," म्हणाल्या, आणि प्रत्येक गावाला आल्या.

नाटकासाठी तोंड रंगवताना मी कुंकू लावायची आणि पडदा पडला की पुसायची. ते पुसणं दर वेळी नव्यानं झोंबायचं.

एका गावी देवीची जत्रा होती. उतरायची सोय पाटलांच्या घरी. दुपारीच मी रंगून बसले होते, तोच पाटलीणबाई खण-नारळ घेऊन आल्या. "सवाशीण दारी आली, ओटी भरते."

विधवेनं देवीच्या जत्रेत ओटी घ्यायची? आणि खरं सांगावं, तर मग हे कुंकू कसलं? त्या पट्ट्यात पुन्हा कुणी बोलावलं नसतं. आमची चूल त्यावरच पेटत होती. मी आत्याबाईंकडे बघितलं.

"हिचं मालक काय करत्यात?" पाटलीणबाईंनी सहज विचारलं.

"वर्कशॉपात हाय माझा ल्योक," आत्याबाई म्हणाल्या. "आज डूटी हाय, न्हाईतर आला असता." मग मला म्हणाल्या, "पदर पसर, पोरी."

मी पसरला. पाटलीणबाई भारी बोलक्या. घरी कधी येतो, जेवायला काय आवडतं, तापट आहे का. आत्याबाई सांगतच सुटल्या. सहाच्या ठोक्याला येतो. मेथी केली की ताट बाजूला सरकवतो. तापट कसला, गाय आहे नुसती! मी भिंतीकडे तोंड करून वाक्यं घोकल्याचं सोंग केलं.

त्या घरात सकाळपर्यंत कुंकू पुसायची सोय नव्हती. परतीच्या एसटीत, भोसरी मागं पडल्यावर, मी भडकलेच. "एवढं खोटं कशाला बोलायचं, आत्याबाई? तेही देवीच्या दारात?"

"चार वर्सं झाली, कुणी त्याची चौकशी केली न्हाई गं," त्या म्हणाल्या. "मेलेल्या माणसाला कोण इचारतं? तिनं इचारलं, तर सांगावंसं वाटलं."

मी कपाळाकडे हात नेला. त्यांनी तो धरला.

"दापोडी येईस्तोवर राहू दे."

मला रडू कोसळलं. पुढच्या बाकावरची माणसं वळून बघायला लागली. दापोडीला उतरलो तरी माझा हात उचलेना. शेवटी आत्याबाईंनीच पदराचं टोक ओलं केलं आणि माझं कपाळ पुसलं. पुसताना त्या माझ्याकडे बघत नव्हत्या.